कोरडी जुळणी

प्रसेनजितच्या चॅनेलचं नाव ‘डब्यात काय हाय?’ असं होतं, आणि पुण्याठाण्याची मंडळी नाव वाचूनच अर्धी खूश व्हायची. रणगाडे, विमानं, जुन्या मोटारी यांच्या लहान प्रतिकृती जुळवायची किटं येतात, त्यांची पारख वऱ्हाडीत करणारा दुसरा माणूस अख्ख्या मुलखात नव्हता. पण लोक पारख ऐकायचे थोडी आणि बोलीच जास्त. ‘किती गोड बोलता हो, अगदी गावाकडचं वाटतं’ असं कोणी खाली लिहिलं की याचं डोकं फिरायचं. अरे बाबा, पंखाची जाडी दुप्पट आली म्हणून हा माणूस इथं घसा कोरडा करून राहिलाय, आणि तुला गोड लागतंय. तरी उत्तर तो ‘धन्यवाद’ असंच लिहायचा.

पोटापाण्याला तो मेहकरला दातांच्या एका डॉक्टरकडे कवळ्या घडवायचा. बारीक कानशी, बारीक ब्रश, भिंगाचा चष्मा, सगळा संसार आधीचाच. त्यामुळे किटांचा नाद त्याला फार महागात पडला नाही असं त्याची बायको धम्मशीला सांगायची, आणि सांगताना तिचं तोंड मात्र कडू व्हायचं.

कवळीच्या धंद्यातली एक सवय त्यानं किटांना लावली होती. कवळी पक्की करण्याआधी नुसती तोंडात बसवून बघतात, कुठं टोचते, कुठं हलते ते कळतं. तसंच तो किटाचं करायचा. डिंकाची बाटली उघडायच्या आधी सगळे भाग नुसते एकमेकांत बसवायचे. याला तो कोरडी जुळणी म्हणायचा. ‘डब्यावरचं चित्र म्हंजे नवरदेवाचा फोटो,’ तो व्हिडिओत सांगायचा, ‘खरं काय ते कोरड्या जुळणीत समजते.’ आणि जुळणीत जे दिसेल ते बोलायचा. कंपनी जपानची असो की आपली, भीडभाड नाही. फुकट डबा पाठवणाऱ्यांनाही तो सोलून काढायचा, म्हणून फुकट डबे यायचे बंद झाले होते. त्याला लोकांत जी काय पत होती ती एवढ्या एका गोष्टीवर.

गजेंद्रसुद्धा यातून सुटला नव्हता. गजेंद्र म्हणजे गावच्या नारायणरावांचा मुलगा. गाव जानेफळच्या पुढं, चारपाच कोसांवर. नारायणरावांचं घर नाल्याच्या अलीकडे, प्रसेनजितचं पलीकडे. दोघं अकरावीपासूनचे दोस्त. मेहकरच्या बाजारात वर्गणी काढून घेतलेलं पहिलं विमान दोघांनी मिळून केलं होतं आणि पंख उलटे बसवले होते. पुढं गजेंद्र पुण्याला इंजिनियर झाला, नोकरीला कंटाळून परत आला, आणि गोठ्याच्या जागी गाळा बांधून त्यात रेझिनच्या वस्तू छापून काढणारा थ्रीडी प्रिंटर बसवला. किटात जे कमी पडतं किंवा बेंगरूळ असतं, ते तो वेगळं बनवून विकायचा. चाकं, सीटा, कपाशीची गाठोडी, माणसं. त्याच्या ट्रॅक्टरच्या टायरांना प्रसेनजितनं एकदा व्हिडिओत ‘उकडलेल्या वांग्यासारखे’ म्हटलं, तर गजेंद्र कितीतरी दिवस बोलला नाही. पण त्यानं टायर बदलले. नवे टायर झकास निघाले आणि प्रसेनजितनं तेही सांगितलं. दोस्ती असावी तर अशी, असं तेव्हा दोघांनाही वाटत होतं.

मागच्या थंडीत गजेंद्रनं मोठा घाट घातला. ‘वऱ्हाडातला पार’ नावाचा अख्खा सेट. निंबाचं झाड, त्याखाली दगडी पार, आणि पाराभोवती जुन्या काळची माणसं, सगळी पस्तीसपट लहान. माणसं मनानं घडवायची नाहीत, खरी घ्यायची, असं त्याचं म्हणणं. माणूस उभा करायचा, मोबाईलनं त्याच्याभोवती फिरत फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर त्याची मूर्ती बांधतो. पानाचा डबा घेऊन बसलेले नारायणराव झाले, काठी टेकवून बसलेले त्यांच्या शेजारचे शेषराव झाले.

“तुह्या बाबाचा चेहरा पाह्यजे बे मले,” गजेंद्र म्हणाला. “काय गालफाडं हायेत. असा चेहरा शोधून सापडत नाही.”

प्रसेनजितला आनंद झाला, खोटं कशाला बोला. त्याचे वडील कचरू मेहकरच्या एस.टी. आगारातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात बसखाली उताणं पडून गेली, कधी कोणी फोटो काढला नाही. फोटोच्या दिवशी म्हाताऱ्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बुटाला पॉलिश केलं. त्याची बायको केसरबाई म्हणाली, “लगन हाय काय तुमचं?” तिथं गेल्यावर गजेंद्रनं धोतर आणि बंडी पुढं केली. जुना काळ दाखवायचा आहे म्हणाला. कचरूनं जन्मात धोतर नेसलं नव्हतं, पण नेसला.

मग गजेंद्र म्हणाला, “काका, बूट काढा. पायाचं डिटेल येत नाही त्यापायी. आन हातात काही तरी पाह्यजे, हात मोकळा वाईट दिसते. ह्या चपला धरा. थोडे वाका म्हंजे तोल साधते.”

प्रसेनजित पांढरी चादर धरून उभा होता, उजेड सारखा पडावा म्हणून. त्याचं सगळं लक्ष सावलीवर. कचरूनं एकदा गजेंद्रकडे पाहिलं, एकदा पोराकडे पाहिलं, मग चपला हातात घेतल्या आणि वाकला. गजेंद्र “बस काका, एवढं पुरे” म्हणाला, तरी तो अजून वाकला आणि नजर खाली घातली. बाबाला नाटकात घ्यायला पाहिजे होतं, असं मनात येऊन प्रसेनजितला हसू आलं.

डबा आला तो एका शुक्रवारी. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की प्रसेनजितच्या ओसरीवर थेट व्हिडिओ, आणि जमलेल्यांना तो टीव्हीवर मोठा दिसेल, असं ठरलं. कचरूनं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं. अमडापूरहून जुना मेकॅनिक रवी येणार होता, दोनचार म्हातारे विहारातले. “माह्यी मूर्ती आली हाय, पोरगा सांगणार हाय तिच्याबद्दल,” असं तो घरोघर जाऊन बोलला. एवढा बोलका म्हातारा पोरानं कधी बघितला नव्हता.

शनिवारी दुपारी जेवण करून प्रसेनजित खोलीत बसला आणि त्यानं कोरडी जुळणी सुरू केली. माल उत्तम होता. खोडाची साल अशी की हात लावला तर खरचटावं, छापताना लावलेल्या टेकूंचे डाग कुठं नाहीत. गजेंद्रनं आणखी एक हुशारी केली होती. प्रत्येक माणसाच्या पायाखाली वेगळ्या आकाराची खुंटी, कोणाची गोल, कोणाची चौकोनी, आणि खाली त्याच आकाराचं भोक. गिऱ्हाईकानं कुठलाही माणूस कुठंही बसवू नये म्हणून. नारायणराव कट् करून बसले. शेषराव बसले. पाणी पिणारा गडी बसला. सात नंबरची मूर्ती वडिलांची, तिची खुंटी तिकोनी. ती हातात घेऊन त्यानं पारावर तिकोनी भोक शोधलं.

पारावर तिकोनी भोक नव्हतंच. त्याला वाटलं प्रिंटमध्ये बुजलं असेल. भिंगाखाली दगड न् दगड बघितला. मग पाराखालची फरशी बघितली. मग फरशीच्या पुढं नाली होती, आणि नालीच्या पलीकडे, अगदी कडेला, धुळीत, एकटं एक तिकोनी भोक होतं. त्यानं मूर्ती तिथं धरली. ती कट् करून बसली, सगळ्या डब्यात इतका चपखल भाग दुसरा नव्हता.

आणि मग त्याला दिसलं. पारावर बसलेली सगळी माणसं आपापल्या गप्पांत, आणि नालीपलीकडे अनवाणी, वाकलेला, चपला हातात, नजर खाली, त्याचा बाप. पायाचं डिटेल म्हणे. तोल साधते म्हणे. तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते प्रसेनजितला त्या दुपारी कळलं. चादर त्यानंच धरली होती.

तो तसाच उठून गजेंद्रच्या गाळ्यावर गेला. गजेंद्र हातमोजे घालून ताज्या मूर्ती धूत होता.

“सात नंबर नालीपलीकडे काऊन हाय?” प्रसेनजितनं विचारलं.

गजेंद्र हसला. “लावून पाह्यलं वाटते. अबे, जुना काळ हाय तो. व्हतं तसं गावात. तूच तं म्हनतं दर वेळी, खरं पाह्यजे, खरं पाह्यजे.”

“मंग माह्या बापाले काऊन घेतलं?”

“दुसरा कोणी तयारच झाला नाही न बे. दोघातिघायले इचारलं म्या. चपला हातात घ्या म्हनलं की लोक उठून जाते.”

“आन माह्या बापाले तू काय इचारलं? पायाचं डिटेल?”

“काका साधे हायेत. त्यायले काही वाटलं नाही.”

“तुह्या बापाले उभं कर न तिथं.”

“ते तं बसलेले हायेत,” गजेंद्र म्हणाला, आणि हे उत्तर त्यानं इतक्या भोळेपणी दिलं की प्रसेनजितला मारावं की रडावं ते समजेना. गजेंद्रनं हातमोजे काढले. “पाह्य, तुले एवढं लागत असंल तं वर भोक पाड आन ठेव काकाले पारावर. माह्यी काही हरकत नाही.”

हरकत नाही. म्हणजे पारावर जागा द्यायची की नाही हे आजही यांच्याच घरात ठरायचं होतं, आणि पस्तीसपट लहान पारावरसुद्धा. प्रसेनजित परत फिरला. वाटेत त्याला खूप चांगली उत्तरं सुचली, आणि काय उपयोग.

घरी आला तर ओसरीवर कचरू सतरंज्या झटकत होता. उद्या कोण कुठं बसेल ते केसरबाईला सांगत होता, रवीची खुर्ची टीव्हीजवळ, त्याला कमी दिसतं. प्रसेनजित दाराशीच थांबला. उद्या चार लोकांसमोर, ज्यांना यानं घरोघर जाऊन बोलावलंय, त्यांच्यासमोर आपण सांगायचं की बाबा, तुम्हाला फसवून नेलं, बूट काढायला लावून नालीपलीकडे उभं केलं, आणि मी उजेड धरला? म्हातारा मरून जाईल शरमेनं. आणि नाही सांगायचं, तर डब्यात काय हाय ते सांगणारा माणूस म्हणून आपण जे तोंड वर करून फिरतो, ते कोणत्या तोंडानं?

धम्मशीलेला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, “मामंजीले इचारून तं पाहा. उगाच तुमीच काही ठरवू नका.”

“काय इचारू? तुमाले खाली ठेवू का वर, असं इचारू?”

प्रसेनजितनं दार लोटून घेतलं, बारीक ड्रिल काढलं आणि नारायणराव आणि शेषराव यांच्या मधोमध पाराला भोक पाडलं. कानशीनं तिकोनी केलं. नालीपलीकडचं भोक लांबी भरून बुजवलं, घासलं, वर धुळीचा रंग दिला. हात कवळीवाल्याचा, नकली हिरडी खऱ्याशेजारी ओळखू न देणारा. काम इतकं सफाईचं झालं की त्यालाच शिसारी आली.

रविवारी ओसरी भरली. पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे सतरंजीवर, रवी टीव्हीजवळ, बाया दाराशी. प्रसेनजितनं मोबाईल लावला, जयभीम घातला आणि सुरुवात केली. साल दाखवली, दगड दाखवले, खुंट्यांची हुशारी सांगितली. एकेक माणूस बसवत गेला. मग सात नंबर उचलला.

“हे माहे बाबा,” तो म्हणाला, आणि मूर्ती पारावर मधोमध बसवली. “एस.टी.तून हेड मेकॅनिक म्हून निवृत्त झाले. चेहरा पाहा, एक सुरकुती सुटली नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रवी म्हणाला, “कचरू, लेका पारावर जाऊन बसला तू.” कोणी हसलं. कचरू मात्र टीव्हीकडे बघत राहिला. मान थोडी पुढं काढून, मोटारीतला आवाज ऐकत बसावा तसा.

तेवढ्यात खाली एकाचा प्रश्न आला. कोणी तरी तो डबा आधीच मागवलेला होता. ‘दादा, माझ्या सेटमध्ये सात नंबर पारावर बसत नाही. नालीच्या पलीकडे बसतो. तो वाकून उभा आहे, चपला हातात आहेत, ते त्यासाठीच असेल ना?’ अक्षरं टीव्हीवर मोठी दिसत होती. ओसरीवर ज्याला वाचता येत होतं त्यानं ते वाचलं, आणि ज्याला येत नव्हतं त्याला शेजाऱ्यानं सांगितलं.

वडिलांकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

“नाही,” तो मोबाईलकडे बघून म्हणाला. “ती चूक हाय. काही डब्यायत भोक चुकीच्या जागी पडलं. नालीपलीकडे कोणी नाही. ती जागा रिकामीच हाय. सात नंबर पारावरच जाते.”

पारख करायला लागल्यापासून डब्याबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला. थोड्या वेळानं गजेंद्रनंच खाली लिहिलं, ‘बरोबर आहे, प्रिंटची चूक, क्षमस्व,’ आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. व्हिडिओ संपला. चहा झाला, लोक पांगले. टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकही जण जाताना प्रसेनजितशी बोलला नाही. रवीनं कचरूच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही गेला.

कचरू सतरंजीवरच बसून होता. “बुजवलं कशानं?” त्यानं विचारलं.

“लांबीनं,” प्रसेनजित म्हणाला.

“चांगलं बुजलं. समजत नाही.”

“बाबा, तुमाले कोणी सांगितलं?”

“कोणी काय सांगते? चपला हातात धरा म्हनलं तवाच समजलं मले. मी काय येडा हाओ? माहा बाप गावच्या पारापुढून जातानी चपला काढून हातात घे आन वाकून चाले. मी त्याचं बोट धरून चालत व्हतो. गजेंद्रनं थोडं वाका म्हनलं. त्याले काय माहीत किती वाकत व्हते. म्या बराबर तेवढाच वाकलो.”

“मंग तुमी मले काऊन नाही सांगितलं?”

“तुले सांगितलं असतं तं तू उभं राहू देलं नसतं.” कचरू शांतपणे बोलत होता, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड होतं. “एक दिवस त्यानं चपला नाही काढल्या. तसाच गेला पारापुढून, पायात घालून. तं त्या लोकायनं हात मोडला त्याचा. नीट बसलाच नाही तो हात कधी. त्याचा फोटो नाही, काही नाही. गावात कोणी बोलत नाही. मले वाटलं, आता आलं हाय ते डब्यात, तं माहा पोरगा बोलंल. तो डब्यात जे हाय ते सांगते, कोणाले भेत नाही. म्हून बलावलं म्या सगळ्यायले. रवीचाबी बाप तसाच चाले.”

प्रसेनजित खाली बसला. “मले वाटलं तुमाले फसवलं त्यानं. तुमाले लाज वाटंल म्हून…”

“मले काऊन लाज वाटंल? लाज तुले वाटली.”

“मंग तवाच बोलाचं न बाबा, सगळ्यायसमोर.”

“चार लोकायत तुले खोटं पाडू काय मी?”

आतून केसरबाईनं जेवायला हाक मारली. कोणी उठलं नाही. प्रसेनजितनं सांगितलं की तो दुसरा व्हिडिओ करेल, आजच करेल, सगळं खरं सांगेल, आज्याचं नाव घेऊन सांगेल. कचरूनं मान हलवली. लोक ऐकून गेले, तो म्हणाला, आता सांगशील तर म्हणतील बापानं दटावलं म्हणून बोलून राह्यला.

मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि टेबलाजवळ जाऊन त्या पाराकडे बघत उभा राहिला. नारायणराव, शेषराव, आणि त्यांच्या मधोमध चपला हातात घेऊन वाकलेला माणूस. तिथं तो नुसता येडपट दिसत होता.

“गजेंद्रनं त्याले नालीपलीकडे तरी उभं केलं व्हतं,” कचरू म्हणाला. “त्वा तं सांगून टाकलं, तिथं कोणी नव्हतंच.”